दिल्लीची हवा आणि कचेरीची वेळ

नवी दिल्ली,
बुधवार, २७ नोव्हेंबर २०२४

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. विधानसभेच्या निकालाविषयी तू सविस्तर लिहिलेस ते बरे केलेस, कारण शनिवारपासून भेटेल तो मला ‘मुख्यमंत्री कोण होणार?’ असे विचारतो आहे. आमच्या विभागात महाराष्ट्रातला मी एकटाच असल्यामुळे, जणू काही मी ‘वर्षा’ बंगल्यावरूनच थेट कचेरीत येतो असा सर्वांचा समज दिसतो. तुझ्या पत्रातली दोन-चार वाक्ये मी माझ्या नावावर खपवली आहेत, याची नोंद घे.

इकडची बातमी मात्र निवडणुकीची नव्हे, हवेची आहे. गेल्या आठवड्यात, सोमवारी १८ तारखेला, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या दुपारी चारच्या पत्रकात दिल्लीचा हवा गुणवत्ता निर्देशांक ४९४ होता. चारशेच्या वर गेला की हवा ‘गंभीर’ ठरते आणि मोजपट्टी पाचशेला संपते, म्हणजे पुढे मोजायलाही फारसे काही उरले नव्हते. त्याच दिवशी सकाळी आठपासून ‘ग्रॅप’चा चौथा टप्पा लागू झाला. २०१७ पासून चालत आलेली ही टप्प्याटप्प्याने निर्बंध वाढवत नेणारी योजना इथे सर्वांना इतकी पाठ आहे की लिफ्टमध्ये लोक ‘आज तीन आहे की चार?’ एवढेच विचारतात. चौथ्यात जीवनावश्यक माल नसलेल्या बहुतेक ट्रकांना शहरात मज्जाव होतो, बांधकामे थांबतात आणि शाळा ऑनलाइन होतात. आकडा आता चारशेच्या खाली उतरला आहे, तरीही आमच्या परवानगीशिवाय निर्बंध सैल करू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले असल्याने चौथा टप्पा अजून कायम आहे.

या सगळ्याचा कचेरीवर परिणाम झाला तो वेळेच्या रूपाने. गर्दी विभागावी म्हणून महापालिकेची कार्यालये साडेआठला, केंद्राची नऊला आणि दिल्ली सरकारची दहाला उघडावीत, असे आधी ठरले. मग गुरुवारी कार्मिक विभागाचे पत्र आले की केंद्रीय कर्मचाऱ्यांनाही नऊ ते साडेपाच किंवा दहा ते साडेसहा अशा दोन पाळ्यांत बोलावता येईल, आणि खाजगी गाड्या असणाऱ्यांनी शक्यतो एका गाडीतून एकत्र यावे. पत्र ऐच्छिक स्वरूपाचे होते, आणि ऐच्छिक पत्रावर जितका खल होतो तितका सक्तीच्या आदेशावर कधी होत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. आमच्याकडे नावांची यादी फिरली. पहिल्या फेरीत जवळजवळ सर्वांनी दहाची वेळ मागितली, तेव्हा ‘मग विभागणी कसली?’ असा शेरा मारून वरिष्ठांनी ती परत पाठवली. दुसऱ्या फेरीत ज्यांची मुले घरी बसून मोबाइलवर शाळा शिकत आहेत त्यांना दहा, आणि बाकीच्यांना नऊ, अशी तडजोड झाली. मी नऊवाल्यांत आहे. सव्वानऊ उलटले की अर्धी किरकोळ रजा कापली जाते हा जूनपासूनचा धाक आहेच, त्यामुळे बोटाच्या ठशाच्या यंत्रापुढे नऊ वाजून दहा मिनिटांनी जी रांग लागते, तिच्यात खोकणाऱ्यांचीच संख्या जास्त असते.

गाझियाबादहून येणारे आमचे एक सहकारी बीएस-४ (म्हणजे धुराच्या जुन्या मानकाच्या) डिझेल गाडीचे मालक. ती रस्त्यावर दिसली तर वीस हजारांचा दंड, म्हणून ते हल्ली शेजाऱ्याच्या सीएनजी गाडीतून तिघांबरोबर येतात. मागच्या सीटवर मधोमध बसावे लागते याचे दुःख त्यांना प्रदूषणापेक्षा मोठे आहे. रोज जेवणाच्या सुट्टीत ते पंजाब-हरियाणात जळणाऱ्या भाताच्या धसकटांवर सगळे खापर फोडतात आणि हरियाणाचे दुसरे सहकारी त्यांना दिल्लीतल्या गाड्यांची संख्या ऐकवतात. खरे तर दोघांचेही म्हणणे अर्धे बरोबर आहे. थंडी पडली, वारा पडला की धूर वर न जाता जमिनीलगत कोंडून राहतो, मग तो कोणाचाही असो. मला खटकते ते असे की आपण कचेरीची वेळ हलवतो, शाळा हलवतो आणि हवा सुधारण्याची वाट वाऱ्यावर सोडतो. दरवर्षी नोव्हेंबरात हीच फाइल नव्याने उघडते आणि फेब्रुवारीत वारे सुटले की बंद होते.

माझ्या खिडकीतून नव्या सचिवालयाच्या इमारतींच्या क्रेन दिसतात. एरवी त्यांच्या आवाजाने फोनवर बोलणे अशक्य होई, आता त्या मुकाट उभ्या आहेत. शांतता बरी वाटते खरी, पण खाली चहाच्या टपरीवर रोज येणारे मजूरही दिसेनासे झाले आहेत, आणि काम बंद म्हणजे त्यांची रोजीही बंद. त्यांना भत्ता द्या असे न्यायालयाने परवाच राज्यांना सांगितले आहे, तो हातात कधी पडतो ते पाहू.

तू डिसेंबरअखेर येण्याचे लिहिले आहेस. माझे ऐकशील तर फेब्रुवारीच्या मध्यावर ये. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास रखडतात आणि वहिनींना दम्याचा त्रास आहे, त्यांना या हवेत आणणे मला योग्य वाटत नाही. तिकिटे काढण्यापूर्वी कळव, म्हणजे मी त्याप्रमाणे रजा टाकीन.

मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
दिल्लीकर मित्र