टेस्टोस्टेरॉन घटले, तरी तपासणी हवीच

रविवारच्या आरोग्य पुरवणीतील प्रोस्टेट कर्करोगावरील लेखात ‘हार्मोन रोखले की आजार आटोक्यात येतो’ असे म्हटले आहे. हा हार्मोन म्हणजे टेस्टोस्टेरॉन, मुख्य पुरुषी हार्मोन. पण ते विधान अर्धेच खरे आहे. शल्यचिकित्सक चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिलेल्या या उपचाराला १९६६ मध्ये नोबेल मिळाले आणि आजही बहुतेक रुग्णांना त्याने आराम पडतो. पण प्रगत आजारात पेशी पुढे पळवाट काढतात. अँड्रोजेन रिसेप्टरची (पेशीत पुरुषी हार्मोन ज्याला चिकटतो त्या प्रथिनाची) संख्या वाढते किंवा ‘एआर-व्ही ७’सारखा तोकडा रिसेप्टर तयार होतो. त्याला हार्मोन चिकटण्याची जागाच नसते, तरी तो पेशीला वाढीचा हुकूम देत राहतो. म्हणून टेस्टोस्टेरॉन तळाला असतानाही पीएसए (रक्तात मोजले जाणारे प्रोस्टेटचे प्रथिन, आजाराची खूण) चढू शकतो.

गडचिरोली-गोंदियाहून नागपुरात हार्मोन रोखणाऱ्या इंजेक्शनसाठी येणारा माणूस बरे वाटले की पुढची फेरी अनेकदा टाळतो. लघवीचा त्रास गेला म्हणजे रोगही गेला, असे घरचेही धरून चालतात (यात दोष त्यांचा कमी, न सांगणाऱ्यांचा अधिक). अ‍ॅबिराटेरॉन, एन्झाल्युटामाइड ही पुढची औषधे आहेत. पण पीएसए नियमित तपासला नाही, तर ती कधी सुरू करायची हे कळणार कसे? लेखात एवढे तरी यायला हवे होते.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर