हेंडरसन ब्रुक्स अहवालाचं कुलूप आता काढा

मा. संरक्षणमंत्री महोदय,
भारत सरकार, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

पत्र मुद्दाम मराठीत लिहितोय. १९६२ मध्ये चीनकडून झालेल्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल १९६३ साली ज्या संरक्षणमंत्र्यांच्या हाती आला, ते यशवंतराव चव्हाण आमच्या कराडचे. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. सह्याद्रीने तिथे पोचल्यावर फायलीत काय वाचलं, हे सांगायला मात्र साठ वर्षांनंतरही कुणी तयार नाही.

बासष्ट म्हटलं की चीनचा विश्वासघात आणि जवानांची हलाखी, एवढ्यावरच आपलं बोलणं थांबतं. दोन्ही खरंच आहे. लडाखच्या पूर्वेला, आपण आपला मानतो त्या अक्साई चीनमधला रस्ता चीनने गुपचूप बांधला, हेही खरं. पण २० ऑक्टोबरला जे पेटलं त्याची लाकडं आठ वर्षं रचली जात होती, आणि त्यातली बरीच दिल्लीतून आली होती.

एप्रिल १९५४ मध्ये आपण चीनशी तिबेटबद्दल करार केला. तिबेटमधले जुने हक्क सोडले, पंचशील स्वीकारलं आणि सीमेचा विषयच काढला नाही. त्याच वर्षी नकाशांवर ठाम रेघ छापायचा आदेश निघाला. म्हणजे सीमा पक्की झाली, पण एकाच बाजूच्या कागदावर. अक्साई चीनच्या रस्त्याबद्दल ऑक्टोबर १९५८ मध्ये आपण चीनकडे निषेध नोंदवला. आपल्या संसदेला हे कळलं ऑगस्ट १९५९ मध्ये. लोकांपासून दडवलेली गोष्ट फुटली की राग दुप्पट होतो. पूर्व सीमेवर लोंगजू आणि लडाखकडे कोंगका खिंडीत चकमकी होऊन रक्त सांडल्यावर तर तडजोडीचा शब्द काढणंही अवघड झालं. एप्रिल १९६० मध्ये चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय दिल्लीत आले, पूर्वेकडचा प्रदेश तुमचा आणि पश्चिमेकडचा अक्साई चीन आमचा असं सुचवून पाहिलं आणि रिकाम्या हाताने परत गेले. ते मान्य करायलाच हवं होतं असं माझं म्हणणं नाही. पण नाही म्हटल्यावर पुढे काय, याची तयारी कुणी केली होती?

तयारी म्हणून जे झालं ते फॉरवर्ड पॉलिसी. २ नोव्हेंबर १९६१ च्या बैठकीत पुढे चौक्या टाकायचं ठरलं, पण त्यांच्या पाठीशी मोठं सैन्यबळ ठेवायचं, हेही त्याच निर्णयात होतं. सेना मुख्यालयाकडून खाली गेलेल्या आदेशातून नेमकं तेच गळलं. हे मी कुठल्या गुप्त कागदातून सांगत नाही. पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी २०१४ मध्ये या अहवालाचा मोठा भाग इंटरनेटवर टाकला आणि चीनसकट सगळ्या जगाने तो वाचला. मग आपण तो नेमका कुणापासून लपवतोय?

पूर्व सीमेवरचा, भूतानजवळचा नामका चू हा ओढा नकाशावर काढून बघा. उत्तरेला थागलाचा डोंगर, त्यावर चिनी सैनिक. खाली ओढ्याकाठी आपली ७ वी ब्रिगेड. अंगावर उन्हाळी गणवेश, माणशी जेमतेम ५० गोळ्या, आणि विमानातून टाकलेलं सामान दरीत गडप. १९१४ च्या नकाशावरची मॅकमहोन रेषा, म्हणजे पूर्वेकडे आपण मानतो ती सीमा, थागलाच्या दक्षिणेकडून जाते; पण सीमा पाणी दोन बाजूंना वाहून जातं त्या डोंगरमाथ्यावरून धरायची, या पाणलोटाच्या तत्त्वाने आपला दावा डोंगरमाथ्यापर्यंत पोचतो. हा गुंता परराष्ट्र खात्याने टेबलावर सोडवायचा होता. तो ओढ्याजवळच्या आपल्या ढोला चौकीतल्या जवानांच्या गळ्यात पडला. १० ऑक्टोबरला तिथेच त्सेंगजाँगला झालेल्या चकमकीनंतर चिन्यांना तिथून हटवणं झेपणार नाही, हे कळून चुकलं होतं. तरी १२ तारखेला कोलंबोला निघताना पंतप्रधान नेहरूंनी पत्रकारांना सांगितलं, आपला प्रदेश मोकळा करायचे आदेश सैन्याला दिलेत. वर्तमानपत्रांनी ते ठळक छापलं. आठवड्याभरात ब्रिगेड संपली.

यातली खरी गोम अशी की चौकशी झाली ती फक्त सैन्याची: प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, कमांड, सेनापतींची कुवत. मंत्रिमंडळ आणि परराष्ट्र खातं समितीच्या कक्षेबाहेरच राहिलं. चव्हाणांनी २ सप्टेंबर १९६३ ला संसदेत निवेदन केलं, अहवाल मात्र ठेवला नाही. पुढे २०१० मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री अँटनींनी तो आजही लष्करी दृष्ट्या संवेदनशील असल्याचं सांगितलं. २०१४ च्या मार्चमध्ये विरोधी बाकांवरून अरुण जेटलींनी या गुप्ततेला आक्षेप घेतला आणि जुलैमध्ये संरक्षणमंत्री म्हणून तेच म्हणाले, प्रसिद्धी राष्ट्रहिताची नाही. खुर्ची बदलली की राष्ट्रहितही बदलतं, दुसरं काय!

ब्रिटनने फॉकलंड युद्धाचा फ्रँक्स अहवाल लढाई थांबल्यावर सात महिन्यांत, जानेवारी १९८३ मध्ये छापला. आपणही कारगिल समितीचा अहवाल काही भाग वगळून फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत मांडला, त्याने आभाळ कोसळलं नाही. तुमच्याच मंत्रालयाचं जून २०२१ चं धोरण सांगतं की युद्धविषयक कागद साधारण २५ वर्षांत खुले व्हावेत.

म्हणून मागणी दोन कलमी आहे. अहवाल, हवं तर कारगिलसारखा काही परिच्छेद झाकून, संसदेपुढे ठेवा. आणि १९५४ ते १९६२ मधल्या सीमावाटाघाटींच्या उरलेल्या फायली राष्ट्रीय अभिलेखागारात द्यायला परराष्ट्रमंत्र्यांना सांगा. फक्त पहिलं केलंत तर दोष पुन्हा सेनापतींच्याच माथी बसेल.

कळावे,
आपला,
साताऱ्याचा एक मतदार