सातेरी माशीची पेटी सातेरीच्या मापाने कापा

मा. संपादक,

खानापूर तालुक्यातल्या काजू-आंब्याच्या बागांत मधपेट्या ठेवण्याबद्दल हल्ली बरेच बोलले जाते. बोलणाऱ्यांत पेटी बनवणारे कोणी दिसत नाही, म्हणून हे पत्र. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझा लाकूडकामाचा सीएनसी राऊटर आहे, म्हणजे संगणकातल्या ड्रॉइंगवरून लाकूड कापणारे मशीन. देव्हारे, दारांवरची नक्षी, किचनची शटर ही आमची रोजची कामे. अलीकडे तरुण मुले इंटरनेटवरून मधपेटीची फाईल उतरवतात आणि पेनड्राइव्ह पुढे करून म्हणतात, "ताई, एवढं कापून द्या."

बार्सिलोना आणि कोलोरॅडोच्या मंडळींनी अशा फाईल सर्वांना फुकट खुल्या केल्या आहेत. आठ बाय चारच्या एका प्लायमधून सगळे भाग निघतात, खिळा न मारता पेटी उभी राहते. ड्रॉइंग सुरेखच आहे, पण ते युरोपियन माशीचे. आपल्याकडची, झाडाच्या ढोलीत राहणारी सातेरी माशी अंगाने लहान. युरोपियन माशीच्या दोन पोळ्यांत मध्यापासून मध्यापर्यंत सुमारे ३५ मिमी अंतर असते, सातेरीच्या ३१-३२. तिकडचे षटकोनी घर ५.३ मिमीच्या आसपास, इकडचे साडेचारच्या. ३५ च्या मापात सातेरी बसवली की ती मधल्या जागेत आडवीतिडवी पोळी बांधते. मग एक फ्रेम, म्हणजे पोळे धरणारी चौकट, उचलायला जावे तर शेजारचीही ओढली जाते आणि पिलावा, म्हणजे अंडी-अळ्यांचे पोळे, फाटतो. जांबोटीकडचे माझे चुलत सासरे जन्मभर माश्या पाळत आले. अशी एक पेटी त्यांना दाखवली तेव्हा म्हणाले, "ही म्हशीची गव्हाण. शेळीला कशाला?"

माशीला ये-जा करायला किती फट लागते, हे अमेरिकेत लँगस्ट्रॉथने १८५१ मध्ये हेरले आणि उचलून काढता येणाऱ्या फ्रेमची पेटी त्यातून आली. त्याची फट सुमारे ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ मिमी. सातेरीला सात-आठ पुरतात. आपल्या लहान माशीसाठी फादर न्यूटन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दक्षिणेत वेगळी पेटी केली, आणि मधपेट्यांसाठी भारतीय मानक आयएस १५१५ सुद्धा आहे. तरीही आमच्या घरी अनुदानातून दोन खेपेला आलेल्या पेट्यांपैकी एकीची फ्रेम दुसरीत बसत नाही. मोजणार कोण?

इथे राऊटरचा उपयोग आहे. एकदा माप बरोबर बसवले की पहिली फ्रेम आणि शंभरावी फ्रेम सारखीच निघते. मात्र मशीनचे स्वतःचे नखरे असतात. गोल कटर आतला कोपरा कधीच काटकोनी कापत नाही. ६ मिमीच्या कटरने ३ मिमीची गोलाई राहते. सांधा बसावा म्हणून कोपऱ्यात कटर जरा पुढे नेऊन भोक पाडायची पद्धत आहे. देव्हाऱ्याला ते चालते. सातेरी मात्र युरोपियन माशीसारखी डिंकाने फटी लिंपत नाही, त्यामुळे पेटीत आतल्या बाजूला राहिलेले असे भोक म्हणजे पोळी खाणाऱ्या मेणकिड्याला आयते घर. मी सरळ पटाशीने कोपरा काढते. दुसरे, १८ मिमीचा म्हणून घेतलेला प्लाय व्हर्नियरने (जाडी मोजायच्या मापाने) मोजला की बहुधा कमी भरतो; फाईलमध्ये १८ च ठेवले तर सांधे खुळखुळतात. म्हणून जाडीचा आकडा बदलला की सगळ्या खाचा आपोआप बदलतील अशीच फाईल करावी. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड, तर नकोच; जांबोटी-कणकुंबीच्या पावसात तो फुगून जाईल. मुरलेले, वास नसलेले भरीव लाकूड सगळ्यांत चांगले. रंग फक्त बाहेरून.

माझी मागणी मोठी नाही. सरकारी पैशातून पेट्या वाटणाऱ्यांनी सातेरीच्या पेटीचे प्रमाणित ड्रॉइंग, मशीनला देता येईल अशा फाईलसकट, लोकांना खुले करावे. मापांचा तक्ता मराठी आणि कन्नड दोन्हीत द्या, त्यावरून पुन्हा वाद नको. पेट्या ताब्यात घेताना कुठलीही एक फ्रेम काढून दुसऱ्या पेटीत घालून पाहावी. तेवढ्या चाचणीला इंजिनिअर लागत नाही. आणि बेळगाव परिसरात विमानाचे सुटे भाग करणारी माणसे असताना पेट्या बाहेरून का मागवायच्या, तेही कोणीतरी सांगावे.

तोवर न्यूटन पेटीची माझी फाईल पेनड्राइव्ह आणणाऱ्याला फुकट मिळेल. कापायचे पैसे मात्र घेईन.

— एक राऊटरवाली, उद्यमबाग, बेळगाव