सडतो तो खिडकीचा तळ. बदलतो आपण सगळी खिडकी

संपादक महोदय,

पाऊस सरला की बडोद्यात दिवाळीआधीच्या रंगकामाला वेग येतो, आणि रावपुरा, दांडिया बाजार, घडियाळी पोळ इथल्या जुन्या घरांपुढे सागाच्या चौकटी उपटून टाकलेल्या दिसू लागतात. तांबेकर वाड्याला पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे. साध्या घरांच्या खिडक्यांचा निकाल मालक आणि ठेकेदार उभ्याउभ्या लावतात. मालकाची तक्रार खरी असते. झडप फुगते, कडी बसत नाही, पाणी आत येते. पण त्यासाठी अख्खी खिडकी काढण्याची गरज फार थोड्या घरांत असते.

लाकडी खिडकी जवळजवळ नेहमी खालून सडते. तावदानावरून ओघळलेले पाणी झडपेच्या खालच्या पट्टीवर आणि चौकटीच्या उंबऱ्यावर थांबते, आणि उभ्या लाकडाच्या कापलेल्या टोकातून वर शोषले जाते. म्हणून निर्णयाआधी टोकदार स्क्रूड्रायव्हर घेऊन उंबरा, चौकटीच्या दोन्ही पायांचा खालचा फूटभर भाग आणि झडपांचे खालचे कोपरे टोचून पाहावेत. टोक सहज अर्धा इंच आत गेले तर तो भाग गेला. त्याच्या वर खणखणीत लाकूड लागले तर ते ठेवावे.

हिशेबच पाहा. तीन फूट रुंद, चार फूट उंच, दोन झडपांची खिडकी धरू. चार बाय अडीच इंचांच्या चौकटीला सुमारे 1 घनफूट आणि तीन बाय दीड इंचांच्या पट्ट्यांच्या झडपांना पाऊण घनफूट लाकूड लागते. तूट धरून 2 घनफुटांच्या थोडे वर. फक्त उंबरा, दोन्ही पायांचे नऊ-नऊ इंच आणि झडपांच्या खालच्या पट्ट्या बदलल्या तर तूट धरूनही अर्ध्या घनफुटात भागते. ठेकेदार एवढ्याच खिडकीला 4 घनफूट लावत असेल, तर मापे लिहून मागावीत.

पायाचा तुकडा जोडताना जोड आडवा सरळ कापू नये. तो तिरका हवा आणि उतार बाहेरच्या बाजूला, म्हणजे जोडात शिरलेले पाणी भिंतीकडे न जाता बाहेर पडेल. तिरक्या कापाची लांबी लाकडाच्या जाडीच्या किमान दुप्पट ठेवावी. गोंद पाण्यात टिकणाराच घ्यावा, साधा पांढरा नको, आणि वर लाकडी खुंट्या माराव्यात. नव्या उंबऱ्याला बाहेर उतार द्यावा. त्याच्या खालच्या अंगाला, पुढच्या कडेपासून इंचभर आत, दोन सूत (पाव इंच) खोल खाच काढावी. पाणी त्या खाचेशी अडून खाली टपकते, भिंतीला लागत नाही. ही खाच जुन्या कामांत असते, पण प्लॅस्टर करणारा गवंडी ती बुजवून टाकतो. बाहेर ग्रॅनाइटची पट्टी बसवून तिची पातळी उंबऱ्याहून वर नेणे हा त्याहून मोठा घात आहे. मग पाणी लाकडावरच साचते आणि दोष सागाला लागतो.

झडप फुगली म्हणून श्रावणात रंधा मारून घेऊ नका. सागाची शंभर मिलिमीटर रुंद पट्टी ओलाव्याच्या चार टक्के फरकाने पाऊण मिलिमीटरच्या आसपास हलू शकते. पावसात तासलेली झडप मे महिन्यात फट दाखवते. विश्वामित्रीच्या पुराचे पाणी 2024 च्या ऑगस्टमध्ये घरांत शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या खिडक्यांनाही हेच लागू होते: झडपा उतरवून सावलीत, हवेशीर जागी, खाली पट्ट्या ठेवून सपाट वाळू द्यायच्या, आणि लाकूड पूर्ण वाळल्यावरच रंग लावायचा. ओल आत कोंडली तर रंगाचे पापुद्रे निघतात आणि लाकूड आतून कुजते.

गोत्री-मांजलपूरकडच्या नव्या घरांत लाकडी खिडकी करून घेणाऱ्यांनी सर्वांत जास्त काळजी लाकूड निवडताना घ्यावी. ‘बर्मा टीक’ या नावाने बाजारात बरेच काही विकले जाते. म्यानमारने कच्च्या ओंडक्यांची निर्यात 2014 मध्येच बंद केली आहे. लागवडीचा आयात साग वाईटच असतो असे नाही, पण तरुण झाडात सालीलगतचा पांढरा भाग जास्त असतो, आणि सागाचा टिकाऊपणा गाभ्यात आहे, पांढऱ्या भागात नाही. चौकटीच्या बाहेरच्या अंगाला पांढरे लाकूड अजिबात घेऊ नये. वलसाडी साग किंवा पाडलेल्या घरांतले जुने लाकूड मिळाले तर उत्तम. जुन्या लाकडातले खिळे मात्र करवतीआधी काढलेच पाहिजेत. ओलावा मोजण्याचे यंत्र घेऊनच वखारीत जावे. 10 ते 12 टक्के ठीक. 18 टक्क्यांचे लाकूड कितीही देखणे असले तरी झडपेसाठी घेऊ नये. झडप आणि चौकट यांत सगळीकडे एक सूत फट हवी. चार फुटांहून उंच झडपेला बिजागऱ्या तीन, पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्या. बसवण्याआधी सहाही बाजूंना रंग किंवा बेलतेल (उकळलेले जवसाचे तेल) लागले पाहिजे. झडपेची खालची कड हमखास विसरली जाते, आणि पाणी तिथूनच शिरते.

दुहेरी काच जुन्या झडपेत बसवण्याचा आग्रह सोडावा. 6-12-6 ची, म्हणजे 6 मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये 12 मिलिमीटरची पोकळी अशी काच 24 मिलिमीटर जाडीची होते, आणि जुनी झडप स्वतःच दीड इंचाची असते. रस्त्याच्या आवाजासाठी मध्ये पातळ थर असलेली साडेसहा मिलिमीटरच्या आतली लॅमिनेटेड काच पुरेसा फरक पाडते. तिच्यासाठी झडपेत काच बसते त्या खाचेची खोली मात्र आधी तपासावी. उन्हासाठी तर बाहेरची झिलमिली (तिरक्या पट्ट्यांची झडप) आणि छज्जाच खरा उपाय. ऊन काचेतून आत आल्यावर पडदा लावून उष्णता परत बाहेर जात नाही.

जुना रंग खरवडताना घरात लहान मुले असतील तर विशेष जपावे. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएम करणारा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते. कोरडा पॉलिशपेपर आणि रंग जाळून काढणारा ज्योतीचा दिवा (ब्लोलॅम्प) दोन्ही टाळावेत. लाकूड किंचित ओले करून घासावे, चुरा कापडात गोळा करावा आणि काम संपेपर्यंत त्या खोलीत मुलांना येऊ देऊ नये.

— जुन्या घरांच्या लाकूडकामात असलेले काही सुतार व वास्तुरचनाकार, बडोदा