लायडनहून पत्र

लायडन,
ऑक्टोबर

प्रिय नीलम,

सप्रेम आठवण.

तू विचारलंस, "पाव, चीज आणि उकडलेले बटाटे खाऊन माणूस खूश कसा राहतो?" मी खूश आहे, आणि नुसती फिरून नाही, जेवूनही. कसं ते नीट सांगते.

तीन ऑक्टोबरला इथे, नेदरलँड्समधल्या या लायडनमध्ये, गावचा सण असतो. 1574 साली स्पॅनिश सैन्याने लायडनला वेढा घातला होता. आत उपासमार, त्यात साथ, हजारो माणसं गेली. महापौर व्हान डर वेर्फ यांनी भुकेल्या लोकांना "माझा हात कापून खा, पण शहर देणार नाही" असं सांगितल्याची आख्यायिका इथलं पोरसुद्धा सांगतं. शेवटी स्पेनच्या राज्याविरुद्ध लढणाऱ्या डच बंडखोरांनी बांध फोडून शेतांत पाणी घेतलं, म्हणजे होड्या शहरापर्यंत येतील. खाजणाचा बांध फुटला की काय होतं ते तुला सांगायला नको. पिढ्यानपिढ्या पाणी अडवून मिळवलेली जमीन या माणसांनी आपल्या हातांनी बुडवली! पाणी चढलं, स्पॅनिश पळाले आणि होड्यांतून हेरिंग मासे आणि पांढरा पाव आला. म्हणून आजही त्या सकाळी जुन्या वजनघरापाशी लोक हेरिंग आणि पावासाठी रांग लावतात. मीही उभी राहिले. पुढच्या आजोबांच्या कोटाला लाल-पांढरी फीत होती, शहराच्या रंगांची. पाव हातात आल्यावर त्यांनी तो आधी नातवाला दिला.

संध्याकाळी, मी राहते त्या घरच्या बाईंकडे हुट्स्पॉट होतं. बटाटा, गाजर, कांदा एकत्र शिजवून रगडायचं, वर लोणी आणि मिरपूड. पळालेल्या सैन्याच्या छावणीत एका अनाथ मुलाला असल्या भाजीचं भरलेलं पातेलं सापडलं, अशी गोष्ट आहे. तेव्हा बटाटा इथे कुणाच्या जेवणात नव्हता, म्हणे पार्सनिप नावाचं पांढरं कंद असायचं. सोबतचं मांस मी घेत नाही हे बाईंना ठाऊक, त्यांनी माझ्यासाठी अंडी तळली होती. मसाला नाही, फोडणी नाही, पण गाजराचा गोडवा आणि कांद्याचा वास इतका स्वच्छ जाणवला की मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. सहाच्या ठोक्याला जेवण, हेही मला आता आवडायला लागलंय.

हेरिंगबद्दल तुला जास्त सांगायला हवं, आपण मासेखाऊ. तो शिजवत नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडाला मासा चरबीने भरतो तेव्हा पकडतात, कल्ल्यांकडून साफ करतात, पण स्वादुपिंड आतच ठेवतात. त्यातल्या रसाने आणि थोड्या मिठाने मासा मुरतो. जंतांची भीती नको म्हणून गोठवतातही. मग गाडीवर कांदा लावून देतात. शेपटी धरून, मान मागे टाकून खायचा. तोंडात लोण्यासारखा विरघळतो, वासही उग्र नाही. पहिला घास घाबरत घेशील, दुसरा मागून घेशील.

लायडनच्या चीजमध्ये जिरं असतं. फ्रीजलंडच्या चीजमध्ये लवंग. आणि उकडलेल्या फ्लॉवरवर बाई जायफळ किसतात! श्रीखंडातलं जायफळ असं फ्लॉवरवर पाहून मी थबकले. पण ते जायफळ सुखासुखी आलेलं नाही. ते पिकायचं आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर, आणि 1621 मध्ये यान पीटरझून कून या डच अधिकाऱ्याने डच ईस्ट इंडिया कंपनीसाठी तिथल्या बहुतेक रहिवाशांना ठार केलं, गुलाम केलं किंवा देशोधडीला लावलं. त्याचा पुतळा होर्न गावात अजून उभा आहे. त्याच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यात पडकी उभी आहे, जिच्या भिंतींजवळून आपण शाळेत जायचो. इथे येऊन त्या भिंतींचा अर्थ मला कळला. हे विसरून या देशाचं जेवण जेवू नये, असं मला मनापासून वाटतं.

इथे आलीस की एक दिवस जवळच्या हेग शहरात जा. तिथे सुरिनामी रोटी मिळते, आत वाटलेल्या पिवळ्या डाळीचं सारण, सोबत मसाल्याची कोंबडी, बटाटा, चवळीच्या लांब शेंगा आणि उकडलेलं अंडं. 1873 मध्ये 'लल्ला रूख' जहाजाने बिहार-पूर्वांचलातले मजूर सुरिनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत, नेले, 1975 मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाल्याच्या सुमारास त्यांचे वंशज मोठ्या संख्येने इथे आले. वाढणाऱ्या आजींच्या सरनामीतलं, म्हणजे या सुरिनामी भारतीयांच्या बोलीतलं, भोजपुरी मला अर्धंमुर्धं कळलं आणि डोळे भरून आले.

इथे वाढदिवसाला एकट्या उत्सवमूर्तीचं नाही, तिच्या आईचं, भावाचं, शेजारणीचंही अभिनंदन करतात. सगळे गोल बसतात, कॉफी आणि केक. मला ही रीत फार मायेची वाटते.

ट्युलिपसाठी एप्रिलमध्ये सगळेच येतात. तू ऑक्टोबरमध्ये ये. तीन तारीख रविवारी आली तर सण सोमवारी करतात, तेवढं बघून तिकीट काढ. आणि येताना आमसुलं आण, बाईंना सोलकढी करून द्यायची आहे.

काकींना नमस्कार.

तुझी,
सुजाता