पहिला अल्बम म्हणजे कच्चा माल नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत पॉप पंकवरचा, म्हणजे गोड चालीच्या वेगवान पंक रॉकवरचा लेख वाचला. या संगीतासाठी मराठी वृत्तपत्रानं अर्धं पान मोकळं केलं, याचा आनंद आधी नोंदवतो आणि मग भांडायला बसतो.

किरकोळ गोष्ट आधी उरकतो. ग्रीन डे या अमेरिकी बॅण्डचा ‘डूकी’ हा लेखात म्हटलंय तसा त्यांचा पहिला अल्बम नव्हे, तिसरा. तो १९९४ सालचा. पहिला ‘३९/स्मूद’, १९९० चा, कॅलिफोर्नियातल्या लुकआउट या छोट्या कंपनीनं काढलेला. मोठ्या कंपनीकडून आलेला पहिला म्हणजे ‘डूकी’, तिथे गल्लत झाली असावी. दोन ओळींची दुरुस्ती छापलीत तरी पुरे.

माझं खरं दुखणं शेवटच्या परिच्छेदाशी आहे. लेखकाचं म्हणणं असं, की या बॅण्डांचे पहिले अल्बम म्हणजे आईबापांच्या गॅरेजमध्ये चाललेला पोरखेळ, उमेदवारीतला कच्चा माल. त्याकडे कौतुकानं बघावं आणि पुढच्या अल्बमकडे वळावं. आणि हे सगळं म्हणे सुरू झालं नव्वदच्या दशकात. असं लिहिणाऱ्यानं डिसेंडेंट्सचा ‘मायलो गोज टू कॉलेज’ ऐकलेला नाही, किंवा ऐकून विसरला आहे. साल १९८२. ‘डूकी’च्या बारा वर्षं आधी.

हा पहिला अल्बम कोणी केला ते बघा. लॉस एंजेलिसजवळच्या समुद्रकाठच्या वस्त्यांतला हा बॅण्ड. ड्रमवर बिल स्टीव्हन्सन, वय अठरा. गायक मायलो ऑकरमन एकोणीस वर्षांचा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा, अभ्यासू. गिटारवर फ्रँक नाव्हेटा. स्टीव्हन्सन आणि नाव्हेटा दोघांनाही मासेमारीचा नाद. आणि बेसवर, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या गिटारवर, टोनी लोम्बार्डो, जन्म १९४५ चा, म्हणजे तेव्हा सदतिशीतला. बाकीच्यांच्या दुप्पट वयाचा हा माणूस टपाल खात्यात नोकरी करत होता.

मीही नोकरी टपाल खात्यातच केली आणि संध्याकाळी एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवला, त्यामुळे माझा ओढा कुणाकडे असणार हे सांगायला नको. ज्या खांद्यावर दिवसभर टपालाची पिशवी वागवली त्याच खांद्यावर संध्याकाळी बेसचा पट्टा चढवला, की पहिल्या दोन गाण्यांत मान आखडते आणि मग बोटं आपोआप कमीत कमी हालचालीत जास्तीत जास्त काम कसं होईल ते बघू लागतात. लोम्बार्डोच्या वाजवण्यात मला ते ऐकू येतं. वेग प्रचंड, पण एक स्वर वाया नाही. गॅरेजातली पोरं असं वाजवत नाहीत.

अल्बममधलं उपनगरात घर मागणारं गाणंही त्याचंच. सुरुवातीला सपाट आवाजात, मला साच्यात बसवा, माझ्यावर शिक्का मारा, अशा अर्थाचं बोलणं येतं आणि मग गाणं सुटतं. पुष्कळांना तो उपहास वाटतो. लोम्बार्डोनं मात्र आपण ते मनापासून लिहिल्याचं सांगितलं आहे, आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. सदतिशीतला नोकरदार स्वतःचं घर मागतो यात कसला आलाय उपहास? गंमत अशी, की तेच मागणं एकोणीस वर्षांचा मुलगा घसा ताणून गातो. मागणं एकाचं, आवाज दुसऱ्याचा. त्यामुळे ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही की हसावं की घरकर्जाचा अर्ज आणावा. अशी गोष्ट ठरवून साधता येत नाही हे मान्य. पण तिला पोरखेळ म्हणणं अन्याय आहे.

आता अल्बमच्या नावाकडे या. मायलो खरोखरच कॉलेजला निघाला होता, जीवशास्त्र शिकायला. जून १९८२ मध्ये रेडोंडो बीचच्या टोटल ॲक्सेस स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं, स्पॉट या नावानं ओळखल्या जाणाऱ्या निर्मात्यानं ते केलं, आणि न्यू अलायन्स या छोट्या कंपनीनं रेकॉर्ड काढली. ही कंपनीही मिनटमेन या दुसऱ्या एका बॅण्डातल्या मंडळींनी चालवलेली. मुखपृष्ठावर चष्मा आणि टाय लावलेल्या मायलोचं रेखाचित्र आहे. शाळेत एका मुलानं त्याची टर उडवण्यासाठी जी चित्रं काढली, त्यांवरून ते आलं. ज्यावरून चिडवलं तेच बॅण्डनं निशाण म्हणून उभं केलं, आणि आजही ते शर्टांवर दिसतं.

पहिला अल्बम करतानाच गायक निघालेला. तुमचे लेखक ‘उमेदवारी’ म्हणतात. उमेदवारी करणाऱ्याला पुढे काहीतरी मिळायचं असतं. इथे पुढचं काही धरूनच चाललेलं नव्हतं. त्यामुळे दुसऱ्या अल्बमसाठी चार चाली बाजूला ठेवल्या, असा प्रकार नाही. पंधरा गाणी, साधारण बावीस मिनिटं. म्हणजे गाण्यामागे सरासरी दीड मिनिटही येत नाही. काही गाणी तर मिनिटही पुरं करत नाहीत. हा उतावळेपणा वाटतो, पण प्रत्येक गाण्यात चाल आहे, ध्रुवपद आहे, वळण आहे. नाही तो फक्त भराव. दोन कडव्यांमध्ये श्रोत्याला पाणी प्यायला सोडणारे वाद्यांचे तुकडे आम्ही ऑर्केस्ट्रात भरपूर वाजवले. ते इथे शोधून सापडणार नाहीत.

याच्या आधी रामोन्स होतेच. १९७६ चा त्यांचा पहिला अल्बम, चौदा गाणी, अर्ध्या तासाच्या आत. इंग्लंडात बझकॉक्स होते. वेगात गोड चाल बसवणं तिथपासूनचं आहे. डिसेंडेंट्सनी त्यात काय घातलं ते मला बेसच्या बाजूनं सांगू द्या. पंकमध्ये गिटारवर जी कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेला स्वरांचा जुडगा, सर्रास वाजते, तिला पॉवर कॉर्ड म्हणतात. तिच्यात षड्ज आणि पंचम एवढेच असतात, तानपुऱ्यासारखे. गंधार नाही. गंधार नाही म्हणजे शुद्ध की कोमल, हसरं की रडवं, हे गिटार सांगतच नाही. ते ठरवायचं कोणी? एक गाणाऱ्यानं आणि दुसरं बेसनं. बहुतेक पंक बॅण्डांत बेस गिटारच्याच स्वरांना खालून दुजोरा देत राहतो. इथे तो निघून फिरून येतो. पहिलंच गाणं, ‘मायएज’, एकट्या बेसनं सुरू होतं. तो तुकडा गुणगुणता येतो. बेसचा तुकडा गुणगुणता येणं ही आमच्या धंद्यात फार मोठी गोष्ट आहे. मग ड्रम आणि गिटार कोसळतात तरी ती चाल खाली दबत नाही, कारण नाव्हेटा आपली गिटार घट्ट, एका ठोक्यात ठेवतो आणि बेसला जागा सोडतो. मायलो ओरडतो खरा, पण सुरात ओरडतो. पॉप पंकमधलं ‘पॉप’ कुठून येतं असा प्रश्न तुमच्या लेखात विचारला होता. माझ्या मते ते इथून येतं.

सगळंच डोक्यावर घेण्यासारखं आहे असं मात्र नाही. एका गाण्यात समलिंगी लोकांना उद्देशून अशी शिवी आहे की आज ऐकताना अंगावर येते. तेव्हाही ती शिवीच होती. वय लहान होतं, काळ तसा होता, ही सबब मला पटत नाही. मी ते गाणं वगळून पुढे जातो. तुमच्या लेखकाला ‘पोरकट’ म्हणायचंच असेल तर त्यानं याला म्हणावं. पण मग बोट ठेवून म्हणावं, सगळ्याला एका झाडूनं लोटू नये.

पुढचंही थोडक्यात. मायलो परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. दुसरा अल्बम १९८५ मध्ये निघाला. मायलोनं जीवशास्त्रात डॉक्टरेट केली आणि डेलावेअरमध्ये ड्यूपॉन्ट कंपनीत वनस्पतींवर संशोधन करत राहिला. २०१६ मध्ये ते काम सुटल्यावर पूर्ण वेळ गाण्याकडे वळला. स्टीव्हन्सननं कोलोरॅडोत स्टुडिओ काढला आणि पुढच्या पिढीचे कितीतरी पंक बॅण्ड तिथे रेकॉर्ड केले. नाव्हेटा ऑरेगनला जाऊन मासेमारी करू लागला. २००८ मध्ये तो गेला.

लेखाचा पुढचा भाग येणार आहे असं तळटीपेत म्हटलं आहे. लेखकाला माझी एकच विनंती, पहिल्या भागात जेवढे गायक आले तेवढे तरी बेस वाजवणारे दुसऱ्यात येऊ द्या. आणि ज्या वाचकांना हा अल्बम लावून बघायचा असेल त्यांनी तो फोनच्या स्पीकरवर ऐकू नये. त्यात खालचे स्वर जवळजवळ गळून जातात, म्हणजे लोम्बार्डो गेलाच, आणि मग तुमचे लेखक म्हणतात तसंच ते ऐकू येईल. साधे हेडफोन चालतील.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन