दुर्बीण 650 किलोमीटर वर आहे. फाईल नेमकी किती वर गेली आहे?

प्रति,
अंतराळ विभागाचा कारभार पाहणारे माननीय मंत्री महोदय,
नवी दिल्ली

महोदय,

मी भोसरीच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षे मेंटेनन्स विभागात काम करून निवृत्त झालेला माणूस आहे. आपला वेळ मौल्यवान आहे याची मला जाणीव असल्यामुळे या पत्राचे पहिले दोन मसुदे मी फाडून टाकले; त्यांत राग जास्त आणि मुद्दा कमी होता. या तिसऱ्यातही राग राहिला असेल तर तो वयाचा दोष समजावा.

निमित्त असे घडले की गेल्या शुक्रवारी संध्याकाळी माझ्या मुलीला ती काम करते त्या संस्थेतून निरोप मिळाला. तिचे प्रकल्पपद महिनाअखेरीस संपत आहे, मुदतवाढीची फाईल वर गेली आहे आणि ती परत येईपर्यंत तिने 'थांबावे'. संस्थेचे नाव मी लिहीत नाही, कारण तिच्या साहेबांच्या हातातही काही नाही. मुलगी ॲस्ट्रोसॅट या आपल्या अंतराळ दुर्बिणीच्या डेटावर काम करते. ती दुर्बीण 650 किलोमीटर उंचीवरून पृथ्वीला दिवसातून चौदा-पंधरा प्रदक्षिणा घालते आणि तिचा निरोप त्याच दिवशी खाली पोहोचतो. आमची फाईल नेमकी कोणत्या कक्षेत आहे, एवढे जरी कळले तरी मनाला बरे वाटेल.

दुर्बिणीला दहा वर्षे झाली त्या सुमारास पुण्यातल्या एका सभागृहात झालेल्या कार्यक्रमाला मी गुडघ्याला पट्टा बांधून गेलो होतो. व्यासपीठावरच्या पाहुण्यांनी सांगितले की या दुर्बिणीला मनुष्यबळाची चणचण भासू दिली जाणार नाही. वाक्य मी डायरीत उतरवून घेतले, कारण कारखान्यातली ती सवय सुटत नाही. टाळ्याही वाजवल्या. त्या टाळ्यांचे आता वाईट वाटते.

ॲस्ट्रोसॅट 28 सप्टेंबर 2015 रोजी सकाळी श्रीहरिकोट्याहून गेली तेव्हा तिचे आयुष्य पाच वर्षांचे धरले होते. म्हणजे 2020 नंतरचा प्रत्येक दिवस हा हिशेबाबाहेरचा नफा आहे, आणि तो आपोआप झालेला नाही. वय झाल्यावर माणसाचे होते तेच तिचे झाले आहे. तिच्यावर बसवलेल्या अतिनील दुर्बिणीची एक वाहिनी 2018 मध्ये बंद पडली. मोठ्या क्ष-किरण उपकरणाच्या तीन वायुपेट्यांपैकी एकीतून गळती होत होती, तीही त्याच वर्षी बंद करावी लागली. दक्षिण अटलांटिकवर किरणोत्साराचा एक पट्टा आहे. तिथून जाताना उपकरणे जपावी लागतात, नाहीतर ती बिघडू शकतात. हे सगळे सांभाळून याच दुर्बिणीने 930 कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेचा अतिनील प्रकाश टिपला आणि त्या शोधामागच्या गटाचे नेतृत्व आमच्या पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेने केले. ही बातमी 2020 ची, म्हणजे दुर्बीण कागदोपत्री निवृत्त होण्याच्या वर्षातली.

मुलीने एकदा लॅपटॉपवर एक आलेख दाखवला. वरखाली जाणारी रेघ होती आणि मध्ये मध्ये ती तुटलेली होती. मी म्हणालो, "अगं, डेटा गेला की!" ती म्हणाली, "नाही बाबा, इथे पृथ्वी आड आली होती, आणि हे दोन तुकडे मुद्दाम टाकून दिलेत, कारण उपकरण तेव्हा खोटं बोलत होतं." ते खोटे बोलते हे ओळखायला तिला तीन वर्षे लागली. आमच्या कारखान्यात एक जुना लेथ होता. त्याच्या चाकाची चाल सैल होती आणि ते अर्धा फेरा जास्त फिरवून मग मागे घ्यावे लागे. हे कुठेही लिहिलेले नव्हते, ते एका कामगाराच्या मनगटात होते. तो निवृत्त झाला त्या आठवड्यात आमचा निम्मा माल भंगारात गेला, आणि वरच्या साहेबांनी दोष लेथला दिला.

महोदय, या पत्रात मला सांगायचे आहे ते एवढेच. अमेरिकेची हबल ही अंतराळ दुर्बीण दुरुस्त करायला अंतराळवीर पाच वेळा गेले. ॲस्ट्रोसॅटकडे कोणी पाना घेऊन जाणार नाही. तिची दुरुस्ती जमिनीवरून, आज्ञा पाठवून, तिच्या खोडी माहीत असलेल्या माणसांकडूनच होते. तीच माणसे तिचे सुटे भाग आहेत आणि तेच भाग आपण सहा-सहा महिन्यांच्या भाड्याने घेतो.

हबलचाच दाखला पाहावा. 1990 मध्ये ती वर गेली आणि चित्रे धूसर आली. 2.4 मीटरच्या आरशाची कड 2.2 मायक्रॉनने जास्त सपाट घासली गेली होती, कारण मोजमापाच्या उपकरणातले एक भिंग 1.3 मिलिमीटर सरकलेले होते. दुसऱ्या दोन उपकरणांनी चूक दाखवली होती, पण ती कमी अचूक म्हणून बाजूला सारली गेली. (खालच्या माणसाचे ऐकायचे नाही, हा रोग फक्त आपलाच नाही, याचे क्षणभर समाधान वाटले.) 1993 च्या डिसेंबरात माणसे गेली आणि दुर्बिणीला दृष्टी आली. कोलंबिया यानाच्या अपघातानंतर 2004 मध्ये शेवटची दुरुस्ती मोहीम रद्द झाली. लोकांनी आरडाओरडा केला, 2006 मध्ये निर्णय फिरवला गेला आणि मे 2009 मध्ये ती पार पडली. त्या मोहिमेत अंतराळवीर माइक मॅसिमिनो एका बंद पडलेल्या उपकरणाचे झाकण उघडायला गेले, ज्याला 111 स्क्रू होते. त्याआधी एक हातकठडा काढायचा होता आणि त्याच्याच एका बोल्टचे डोके झिजले. शेवटी त्यांनी तो कठडा हातांनी ओढून उपटला. हे वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आले. असा बोल्ट ज्याने आयुष्यात एकदा तरी पाहिला आहे त्यालाच ते कळेल.

पण मला जास्त महत्त्वाचे वाटते ते 2021 साल. हबलचा उपकरणे चालवणारा संगणक जूनमध्ये थांबला, तेव्हा कोणीही वर गेले नाही. जुनी कागदपत्रे काढली, निवृत्त झालेल्या माणसांना बोलावले आणि महिन्याभरात पर्यायी यंत्रणेवर काम सुरू केले. जून 2024 पासून तर ती दिशा सांभाळणाऱ्या एकाच जायरोस्कोपच्या आधाराने निरीक्षणे घेत आहे. सप्टेंबर 2025 मध्ये नासाने 2004 सालच्या स्विफ्ट दुर्बिणीची खाली येणारी कक्षा उचलण्यासाठी 3 कोटी डॉलरचे कंत्राट दिले. जुने यंत्र म्हणजे अडगळ नव्हे, हे तिथे कोणाला तरी पटवता येते.

आमच्या चार मजली सोसायटीतल्या लिफ्टलासुद्धा वार्षिक देखभालीचा करार असतो. तो संपला तेव्हा दोन महिने मी हे गुडघे घेऊन जिने चढलो, म्हणून कराराची किंमत मला विचारावी. ॲस्ट्रोसॅटला सुमारे 178 कोटी रुपये लागले. देशाची लोकसंख्या 140 कोटी धरली तर माझ्या वाट्याला सव्वा रुपया आला, दहा वर्षांत वाटला तर वर्षाला बारा-तेरा पैसे. माझे आणि माझ्या बायकोचे पुढच्या दहा वर्षांचे पैसे मी आगाऊ भरायला तयार आहे. पावती मात्र द्यावी.

चिडण्याचे कारण पैसा नाही. आपल्या देशात कोनशिलेसाठी निधी असतो आणि यंत्राला लावायच्या ग्रीससाठी नसतो. यान उडते तेव्हा टीव्हीवर उलटी मोजणी लागते, पेढे वाटले जातात, मंत्र्यांची अभिनंदने होतात. सहाव्या वर्षी रात्री दोन वाजता त्याच यानाची नाडी पाहणाऱ्या मुलीचा पगार तीन महिने अडकतो तेव्हा कोणीही मोजणी करत नाही. रस्ता असो, इस्पितळातले यंत्र असो की दुर्बीण, खरेदीची सही होते आणि देखभालीची फाईल वर जाते. माझी मुलगी चौतीस वर्षांची आहे. गृहकर्जाच्या अर्जावर 'नोकरी कायम आहे का' या प्रश्नापुढे तिने रेघ मारली. आता जर्मनीतून एका संस्थेची विचारणा आली आहे. तिची आई देवापाशी काय मागावे या संभ्रमात आहे.

मागणे फार नाही. जोवर दुर्बीण चालू आहे तोवर तिच्या डेटावर काम करणाऱ्यांची पदे किमान तीन-तीन वर्षांची असावीत आणि पगार महिन्याच्या महिन्याला व्हावा. ज्यांनी उपकरणे बांधली ती माणसे एकेक करून निवृत्त होत आहेत. त्यांना मानधन देऊन नव्यांच्या शेजारी बसवावे आणि लेथच्या अर्ध्या फेऱ्यासारख्या गोष्टी लिहून घ्याव्यात. पुढची दुर्बीण ही थकण्याआधी वर जावी, म्हणजे दोघी काही काळ एकच तारा पाहतील आणि एकीची मापे दुसरीशी जुळवता येतील. 16 जानेवारी 2025 रोजी इस्रोच्या स्पेडेक्स या प्रयोगातल्या दोन उपग्रहांची जोडणी आपल्याच लोकांनी अवकाशात करून दाखवली, तेव्हा पुढच्या दुर्बिणीला दुरुस्तीसाठी पकडायला एखादी कडी तरी ठेवावी.

एक विनंती राहिली. हे पत्र 'पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे' पाठवू नये. संबंधित विभाग आपलाच आहे. मुलीचे पद 31 तारखेला संपते आणि जर्मनीला उत्तर कळवायची मुदत 28 आहे.

आपला,
भोसरीचा एक निवृत्त मेंटेनन्स पर्यवेक्षक
पुणे